दगडाबाईचं ताट

सोमेश्वरला दुसरी मुलगी झाली आणि अंगणात मांडव घालून तिचं बारसं केलं, ते साल दोन हजार पंचवीस. होळी नुकतीच होऊन गेली होती. पाळण्याभोवती वाडीतल्या बाया जमल्या होत्या आणि दगडाबाई, बाळाची आजी, मधोमध उभी राहून पाळणा म्हणत होती. तिसऱ्या कडव्याला तिला खोकल्याची अशी उबळ आली की गाणं तिथंच तुटलं. दोघींनी धरून तिला ओसरीवर नेऊन बसवलं.

"चुलीच्या धुरानं झालं असंल," सटवा म्हणाला. सटवा म्हणजे तिचा नवरा. बारशाचा सैपाक सकाळपासून चुलीवर चालला होता, त्यामुळं ते सगळ्यांना पटलं. पुढं अडीच महिने तो हेच सांगत राहिला. कधी धूर, कधी ऊन, कधी कैरी खाल्ली म्हणून. ज्येष्ठात दगडाबाईची चोळी अंगावर लोंबायला लागली, तेव्हा सोमेश्वरनं बापाला न विचारता आईला आपल्या जीपमध्ये बसवलं आणि केजच्या दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. क्षय निघाला. वजन भरलं छत्तीस किलो.

सटवाचं घर केजपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या वाडीत. त्याच्या बापाकडं मेंढरांचा मोठा कळप होता. सटवाकडं सतरा शेरडं उरली होती आणि तीन एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर. सोमेश्वर वाडी ते केज जीप चालवायचा. घरात सून धनश्री, तिच्या दोन पोरी, दारात तीन कोंबड्या. उपाशी राहावं असं हे घर नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गोळ्या सरकारी, फुकट मिळायच्या. त्या आणून द्यायला उपकेंद्रातली सिस्टर यायची, सायली तिचं नाव. वय पंचविशीचं, पण बोलणं एखाद्या थोरल्या बहिणीसारखं. बाळाची तपासणी तिनंच करवून घेतली, बाळ ठणठणीत निघालं. पहिले दोन महिने दगडाबाईनं तोंडाला पदर बांधून ओसरीवर वेगळं झोपायचं आणि बाळाला घ्यायचं नाही, असं तिनं सांगितलं. दगडाबाईनं ते ऐकलं, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

"बाबा, गोळ्या अर्धं काम करतात," सायली सटवाला म्हणाली. "उरलेलं अर्धं खाण्याचं. आजींचं वजन चाळिसाच्या वर गेलं पाहिजे. गेलं तर त्या बऱ्या झाल्याच म्हणून समजा. न्हाई गेलं, तर मग माझ्या हातात काही न्हाई."

"काय खाऊ घालू, सांगा. आणतो."

सटवानं हे म्हटलं, त्यात फुशारकी नव्हती. बाजार करणं हे त्या घरात त्याचंच काम होतं. चुलीचं काम बायांचं, बाजाराचं गड्याचं. केजला औषधाच्या दुकानातल्या माणसानं त्याच्यापुढं एक मोठा डबा ठेवला होता, वर पैलवानाचं चित्र. 'यात सगळं प्रोटीन हाय बाबा, दुधातून द्या.' सटवानं एक शेळी विकायचं मनात धरलं होतं. त्यानं सायलीला तसं सांगितलं.

सायली हसली. "त्या एका डब्याच्या पैशात दोन-तीन महिन्यांची अंडी येतात, बाबा. तुमच्या दारात कोंबड्या, गोठ्यात शेळ्या, रानात सोयाबीन. तुमी हे सगळं विकून तो डबा आणणार व्हय?"

मग तिनं ओसरीवर बसून त्याला मुठीच्या मापानं सांगितलं. रोज दोन अंडी. दोन मुठी डाळ नाहीतर हुलगे, मटकी, हरभरे, भिजवून मोड आणलेले. एक मूठ शेंगदाणे. पेलाभर शेळीचं दूध. आठवड्यातून एकदा सुकट मिळाली तर चांगलं. सोयाबीनच्या वड्या स्वस्त, त्या चालतील. भाकरी तर खातोच आपण, तिच्या जोडीला हे पाहिजे.

सटवाला हे लई आवडलं. शेरडू विकत घेताना पाठीवरून हात फिरवून त्याची ताकद ओळखणारा माणूस तो. आता तसाच तो हुलग्यात हात घालून बघायला लागला. कोणत्या जिन्नसात किती जोर आहे आणि तो किती रुपयांना पडतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मटण महाग, ते सणाला. काजू-बदाम तर सरळ सोडून दिले. फोडलेले शेंगदाणे घेण्यापेक्षा शेंगा घेऊन घरी फोडल्या तर बरं पडतं. घरची अंडी दुकानात द्यायची बंद केली, आणि कोंबड्या कमी घालायला लागल्या की बाजारातून आणली.

केजच्या बाजारात सुकट विकणाऱ्या भामाबाईपुढं तो उकिडवा बसून सुकट चाळत होता, तेव्हा वाडीतला आश्रुबा मागून आला. दोघं एकाच वयाचे, पोरपणापासून एकमेकांना 'बे' म्हणणारे.

"काय बे सटवा, अंडी काय, सुकट काय! आखाड्यात उतरायलास का या वयात?"

"म्हातारीसाठी घ्यायलोय."

"म्हातारी उतरायलीय व्हय आखाड्यात? मग जपून राह्य बाबा तू."

भामाबाईनं तराजू खाली ठेवला. "ओ आश्रुबा, तुमच्या मालकिणीसाठी तुमी कदी दोन केळं तरी घेतले का? नुसतं बोलायलेत लई. असा नवरा दाखवा मला या बाजारात दुसरा!"

आश्रुबा खजील झाला आणि भामाबाईनं सटवाच्या पिशवीत मूठभर सुकट वरून टाकली. सटवा त्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर छाती काढून बसला होता. आपण आपल्या बायकोसाठी जे करायलोय ते वाडीत कुणी केलं नाही, असं त्याला वाटत होतं. ते खोटंही नव्हतं.

पण एक गोष्ट होती. त्याच्या घराण्यात गडी माणसं आधी जेवत आणि बाया मागून. हे तर सगळीकडंच होतं. त्याहून पुढची एक रीत होती, ती अशी की जेवत्या बाईच्या ताटात गड्यानं बघायचं नाही. सटवाचा एक चुलता होता, तो चुलीपाशी घुटमळायचा आणि सुनांनी किती भाकरी घेतल्या ते बघायचा. त्याला सगळी भावकी हसायची. त्याच्या घरी लेक द्यायला लोक मागं-पुढं बघायचे. सटवाच्या आईनं सटवाला लहानपणीच सांगून ठेवलं होतं की आपलं जेवण झालं की हात धुवायचा आणि बाहेर निघायचं. घरातल्या बाया काय खातात, किती खातात, हे बघणारा गडी हलका. सटवानं हे जन्मभर पाळलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, पण दगडाबाईला घास तोंडात घालताना त्यानं कधी धड पाहिलं नव्हतं. लग्नात एकमेकांना घास भरवला असेल तेवढंच. आणि ही आपली सभ्यता आहे, याचा त्याला मनातून अभिमान होता.

त्यामुळं तो पिशवी आणून चुलीपाशी ठेवायचा आणि म्हणायचा, "हे समदं तुझं हाय बरं का. दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाई."

"व्हय, व्हय," दगडाबाई म्हणायची. "येवढं खाल्ल्यावर मी काय दारातून बाहेर निघंन का? दार मोठं करून घ्या आधी."

धनश्री खाली बघून भाकरी थापत राहायची.

आषाढात सटवाला एक चांगला बदल जाणवायला लागला. जेवण रुचकर झालं होतं. पिठलं नेहमीपेक्षा दाट आणि मऊ लागायचं. वांग्याच्या कोरड्यासाला, म्हणजे भाजीला, शेंगदाण्याच्या कुटाचा अंगचा रस सुटलेला असायचा. चहा असा घट्ट, की वर साय धरायची. दिवसभर शेरडांमागं हिंडून आलेल्या माणसाला ते अन्न अंगी लागत होतं. त्याला वाटलं, बाळंतपणात माहेरी राहून सून काहीतरी नवं शिकून आली.

"सूनबाई, हात सुधारला बरं तुझा," एकदा तो ताटावरून उठताना म्हणाला. "आता तुझी आत्या निवांत झाली."

धनश्रीनं तवा खाली उतरवला. दगडाबाईच बोलली, "तारीफ करायलात, तर अजून एक भाकरी घ्या मग."

त्यानं घेतली.

पहिल्या महिन्याला सायली वजनकाटा घेऊन आली, तर दगडाबाई साडेपस्तीस भरली. सायली म्हणाली, सुरुवातीला गोळ्यांनी भूक जाते, होईल. श्रावण लागला. श्रावणात त्या घरात अंडं, सुकट काही शिजत नव्हतं, ते दगडाबाईनं कधी चालू दिलं नसतं. सटवानं त्यावरही वाट काढली. हुलगे दुप्पट आणले. सोयाबीनच्या वड्यांची पुडी आणली. आश्रुबानं ती बघितली आणि विचारलं, "सोयाबीनची तर पेंड करतेत बे जनावराला. बायकोचं दूध काढायचंय का?" सटवानं त्याला एक शिवी दिली आणि पुडी धोतराच्या सोग्याखाली धरून घरी आला. हे असं सगळं करत असताना, पोळ्याच्या आठवड्यात वजन भरलं साडेतेहतीस.

सायली बराच वेळ काट्याकडं बघत राहिली. मग तिनं दगडाबाईला विचारलं, "आजी, खाता न्हवं सगळं?"

"खाते की."

"काल काय खाल्लं?"

"मटकी खाल्ली. दूध पिले. शेंगदाणे खाल्ले." शाळेतल्या पोरीनं पाढा म्हणावा तसं दगडाबाईनं म्हटलं. आणि मग खोकली.

सायली निघाली तेव्हा सटवा तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. तिथं तिनं गाडी चालू करायच्या आधी विचारलं, "बाबा, आजी खातात ते तुमी डोळ्यानं बघितलं का?"

"म्हंजी?"

"म्हंजी त्यांच्या ताटात काय असतं, बघितलं का?"

सटवानं तोंड रस्त्याकडं फिरवलं. "ताई, आमच्यात बाईच्या ताटात बघत न्हाईत."

"मग आता बघा," ती म्हणाली. चिडून नाही, साधंच म्हणाली. "आणून देणारा तुमच्यासारखा माणूस मी पाहिला न्हाई. पण पिशवीतलं पोटात जातंय का, हे कुणीतरी बघाया पाहिजे. मी तर महिन्यातून एकदा येते."

सटवानं मान हलवली. पण घरी येताना त्याचा राग वाढत गेला. ही कालची पोर आपल्याला आपल्या घरातलं शिकवते. आपण काय त्या चुलत्यासारखं चुलीपाशी घुटमळायचं? सुनेच्या समोर? आणि दगडाबाई आपल्याशी खोटं बोलेल? त्रेचाळीस वर्षांत बोलली नाही ती. त्यानं ठरवलं की दोष जिनसांचा आहे. पुढच्या बाजाराला त्यानं हुलगे टाकून हरभरे घेतले. त्याच्या पुढच्या बाजाराला बाजारची अंडी बंद केली आणि गावठी अंडी शोधून आणली, महाग पडली तरी. एक दूध देणारी शेळी बदलली. असं करत पंचवीस दिवस गेले.

ते पंचवीस दिवस सटवानं नंतर पुष्कळ वेळा मोजले.

भाद्रपद सरत आला आणि पाऊस असा लागला की थांबायचं नाव घेईना. सोयाबीन रानात उभं कुजायला लागलं. ओढा दोन्ही काठांवरून वाहत होता. शेरडं बाहेर काढायची सोय नव्हती, म्हणून सटवा दुपारीही घरीच होता. जेवला, हात धुतला, आणि रीतीप्रमाणं बाहेर निघाला. पण बाहेर जायचं कुठं? गोठ्याच्या पत्र्याखाली जाऊन बसला. तिथं वरून गळायला लागलं. शेरडांच्या अंगावर टाकायला पोतं पाहिजे होतं, ते आतल्या खोलीत होतं. तो भिजत आला, आवाज न देता आत शिरला आणि पोतं घेऊन मागं वळला. पावसाच्या आवाजात चुलीपाशी बसलेल्या दोघींना त्याची चाहूल लागली नाही.

दगडाबाईच्या पुढं ताटली होती. तीत भाकरीचा अर्धा चतकोर, मिरचीचा ठेचा, आणि पाण्यात कालवलेलं मीठ. दुसरं काही नव्हतं. बाजूला जर्मनच्या वाटीत दोन उकडलेली अंडी सोललेली होती. दगडाबाई ती अंडी हातानं कुस्करून बेसनाच्या पातेल्यात मिसळत होती.

"आत्या, एक तरी खावा," धनश्री सासूला हळू म्हणत होती. "मला आता बघवंना. मामा येवढं दुरून आणतेत."

"गप. संध्याकाळच्या पिठल्याला होतील. ह्ये दिसभर चिखलात हिंडतेत. आन ती शेंगदाण्याची चिक्की तू खाल्ली का? लेकराला दूध कुठून यायचं? मी बाळाला मांडीवर घ्यायला लागले ते आत्ता, पण तिच्या पोटात तरी जाऊ दे माझ्या वाट्याचं काहीतरी."

सटवाच्या हातातलं पोतं खाली पडलं.

दगडाबाईनं वर बघितलं. आधी तिनं काय केलं असेल, तर ताटली पदराखाली झाकली. तो बघत होता, म्हणून. चोरी झाकावी तशी नाही, लाज झाकावी तशी.

"काढ पदर," सटवा म्हणाला.

"अवं, जेवताना काय येता मदी? जावा बाहीर."

"काढ म्हणतो ना."

धनश्री रडायला लागली. "मामा, त्यांनी मला गळ्याची आण घातलती. मी कितीदा सांगणार होते..."

"कदीपसून?" सटवानं विचारलं. "कदीपसून चाललंय हे?"

दगडाबाईनं ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "पैल्यापसून. चार दिस खाल्लं मी, खरं सांगते. उतरंना. तुमी कोरड्या भाकरीवर हिंडणार आन मी घरात बसून दोन-दोन अंडी खाणार? माझ्या सासूनं कदी खाल्लं न्हाई असं, माझ्या आईनं न्हाई. घास घशात फिरतो. म्हटलं, गोळ्या तर खायलेय ना मी. गोळ्यांनी हुईल बरं. तुमच्या अंगाला लागंल हे तरी."

"आन ते पिठलं?"

"पिठल्यात अंडी. कोरड्यासात शेंगदाणे. दूध तुमच्या च्यात."

सटवा तिथंच खाली बसला. आषाढापासून आपण काय जेवलो, ते त्याला घासाघासानं आठवायला लागलं. आपण 'हात सुधारला' म्हणालो होतो. जास्तीची भाकरी मागून घेतली होती. अंगात ताकद आली म्हणून आश्रुबाबरोबर पैज लावून ज्वारीचं पोतं उचललं होतं. ते सगळं हिच्या अंगचं होतं. तो जिनसा बदलत बसला, आणि ज्या जिनसा आणल्या त्या सगळ्या खऱ्या निघाल्या. ज्याच्या पोटात गेल्या, त्याला लागल्या.

"येडी का काय तू," एवढंच तो म्हणाला.

"येडी असते, तर इतके दिस लपलं असतं का?" दगडाबाई म्हणाली, आणि हसायला गेली, पण तिला खोकला आला.

त्या दिवसापासून सटवानं रीत मोडली. दोन्ही वेळा तो दगडाबाईच्या समोर ताट घेऊन बसायचा. आधी तिचा घास, मग त्याचा. ती थांबली की तो थांबायचा. तिला लई अवघड जायचं. नवऱ्यासमोर तोंड उघडून खायची सवय नव्हती, ती पाठ वळवून घास घ्यायची. तो तिला फिरवून समोर बसवायचा.

"अशानं ठसका लागंल मला. बघत राहू नका."

"मी बघणारच. तू लबाड हायस."

"अन् तुमी मोठे सावकार. एवढा बाजार करायचा, आन चाखायचं न्हाई?"

वाडीत हे पसरायला वेळ लागला नाही. आश्रुबा ओसरीवर येऊन म्हणाला, "काय बे, बायकोच्या ताटावर राखण बसलास म्हणं. तुझ्या चुलत्यावर गेलास की रे शेवटी!"

सटवानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. आश्रुबाला त्याचं तोंड बघून काय कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तो आपल्या घरची पाच अंडी फडक्यात बांधून घेऊन आला आणि चुलीपाशी ठेवून गेला.

नवरात्र लागलं. दगडाबाईनं नऊ दिवसांचा उपास धरला, तिथं ती हलायला तयार नव्हती. सटवानं खूप विचार केला आणि म्हणाला, "उपासाला दूध चालतं का?"

"चालतं."

"शेंगदाणे?"

"चालतेत."

"मग धर उपास. दोन पेले दूध आन दोन मुठी दाणे. देवीला मी सांगतो काय सांगायचं ते."

घटासमोर बसून ती दाणे चावायची आणि तो पुढ्यात बसून मोजायचा. दसऱ्यानंतर सायली आली. तिला धनश्रीनं सगळं आधीच सांगितलं होतं. काटा ठेवला. पावणेपस्तीस. सव्वा किलो वाढलं होतं. सायलीनं सटवाकडं बघितलं, पण तिनं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं सटवाला पुढं वाटत राहिलं.

"आता सोडू नका बाबा," ती म्हणाली. "असंच चालू द्या."

सोडलं नाहीच. दिवाळीत दगडाबाईनं नात मांडीवर घेऊन तिला उटणं लावलं. तिचे गाल थोडे भरल्यासारखे दिसत होते. सोमेश्वर म्हणाला, आई बरी झाली. सटवाला आत कुठंतरी माहीत होतं की जे तीन-साडेतीन महिने निघून गेले, ते पाठीमागून भरून काढायचे आहेत, आणि थंडी पुढून येते आहे. पण त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. तो फक्त समोर बसत राहिला.

मार्गशीर्ष लागला आणि आठवड्याभरात तिला ताप भरला. केजच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. डॉक्टरांनी हयगय केली नाही, सलाईन लावलं, सुया दिल्या. एका डॉक्टरणीनं सोमेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधाला साथ द्यायला शरीरात काही शिल्लक पाहिजे असतं, ते यांच्यात फार थोडं आहे. दोन महिने आधीपासून पोटात गेलं असतं तर वेगळं झालं असतं. सोमेश्वरनं ते बापाला सांगायला नको होतं. पण त्यानं सांगितलं.

तिनंच घरी न्या म्हणून हट्ट धरला. घरी आणल्यावर ती चार दिवस होती. अन्न जात नव्हतं. सटवा डाळीचं पाणी वाटीत घेऊन चमच्यानं पाजायचा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी जेवलात का?"

"तू पी, मग जेवतो."

"आधी जेवा."

"न्हाई," सटवा म्हणाला. "आता तुझ्या आधी न्हाई."

तिनं मग दोन चमचे घेतले. तेवढेच. त्रेचाळीस वर्षांत तिनं त्याचं एक ऐकलं नाही असं झालं नव्हतं, फक्त या खाण्याच्या बाबतीत झालं. आणि तो, आपल्या आईच्या एका शब्दाला मान देऊन जन्मभर नजर फिरवून बसला होता. आपण पंचवीस दिवस आधी पाहिलं असतं तर, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता. त्याच्याही आधी, आषाढातल्या त्या पहिल्या दाट पिठल्याच्या घासालाच विचारायला पाहिजे होतं, की हे एवढं गोड कशानं लागायलंय. पण गोड लागलं, म्हणून त्यानं विचारलं नाही.

दगडाबाई मंगळवारी, नऊ डिसेंबर दोन हजार पंचवीसला, मार्गशीर्षात, सकाळी साडेनऊच्या सुमारास आपल्या घरी ओसरीवर वारली. तिचं वय बासष्ट होतं.